जुनी प्रत किती काळ खरी?

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. आम्ही तेव्हा ज्या संस्थेत काम करत होतो, तिच्या संकेतस्थळावर उन्हाळी प्रशिक्षणाच्या मुलाखतींची तारीख दिलेली होती. पान उघडायला फार वेळ लागतो अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती, म्हणून आम्ही सर्व्हरच्या मांडणीत एक ओळ वाढवली. 'हे पान सात दिवस जपून ठेवायला हरकत नाही', असा तिचा अर्थ. पान झटकन उघडू लागले आणि आम्ही खूश झालो. तीन दिवसांनी मुलाखतीची तारीख एक दिवस अलीकडे आणावी लागली. आम्ही पानावरची तारीख बदलली, आमच्या संगणकावर तपासून पाहिली आणि निर्धास्त झालो.

ठरलेल्या दिवशी एक विद्यार्थिनी सोडून सगळे हजर होते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर एस.टी.चा प्रवास करून आली. आपण निघण्याच्या आदल्या दिवशी पान पुन्हा उघडून पाहिले होते, असे तिचे म्हणणे. ते अगदी खरे होते. तिच्या ब्राउझरने पहिल्या वेळी जपून ठेवलेली प्रत तिला पुन्हा दाखवली होती, आणि तशी परवानगी आम्हीच दिली होती. तिची मुलाखत आम्ही वेगळी घेतली. पण आपली नेमकी कोणती समजूत चुकली होती, हा प्रश्न मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधताना कॅश या कल्पनेचा जो इतिहास हाती लागला, तो शिक्षकांना आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा वाटतो.

मिसळणाचा डबा

आधी शब्दाविषयी. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे. लपवणे या अर्थाच्या एका फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. रानावनात हिंडणारे शिकारी आणि प्रवासी वाटेवर जो शिधा लपवून ठेवत, त्याला कॅश म्हणत.

आपल्या स्वयंपाकघरात याच कल्पनेचे रूप रोज दिसते. वर्षभराचे तिखट, हळद, मोहरी माळ्यावरच्या मोठ्या डब्यांत असते. फोडणी टाकताना कोणी माळ्यावर चढत नाही. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो आणि नेहमी लागणारे जिन्नस त्यात थोडे थोडे काढून ठेवलेले असतात. डबा लहान असूनही बहुतेक वेळा पुरतो, कारण काल जे लागले तेच आज लागण्याचा संभव जास्त असतो.

संगणकाच्या बाबतीत हा विचार स्पष्ट मांडला तो केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी. १९४९ साली चालू झालेला एडसॅक हा संगणक बांधणारे हेच विल्क्स. १९६५ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या लेखात त्यांनी दोन स्मृतींची जोडी सुचवली: एक मोठी पण संथ, समजा दहा लाख शब्दांची, दुसरी लहान पण जलद, समजा ३२,००० शब्दांची. लहान स्मृतीने मोठीतला लागेल तेवढा भाग आपल्याकडे घेऊन ठेवायचा. असे केले, तर व्यवहारात सगळी स्मृती जवळजवळ लहान स्मृतीइतकीच जलद भासेल, असे त्यांचे म्हणणे होते. या लहान स्मृतीला त्यांनी 'दास स्मृती' अशा अर्थाचे नाव दिले होते.

आयबीएमने १९६८ च्या जानेवारीत सिस्टिम/३६० मॉडेल ८५ हा संगणक जाहीर केला. त्यात अशी जलद स्मृती होती, १६ किलोबाइटची. कंपनीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापायचे होते आणि 'अतिजलद बफर' हे नाव संपादकांना पसंत पडले नाही. त्यातून 'कॅश' हे नाव पुढे आले आणि रूढ झाले.

फायदा किती, हे वर्गात गणिताने दाखवता येते. या संगणकाचे चक्र ८० नॅनोसेकंदांचे होते आणि मुख्य स्मृतीला ढोबळमानाने १,००० नॅनोसेकंद लागत. शंभरपैकी ९० वेळा हवी ती गोष्ट कॅशमध्ये सापडली असे धरू. मग सरासरी वेळ (९० × ८० + १० × १,०००) ÷ १०० म्हणजे १७२ नॅनोसेकंद. ९५ वेळा सापडली तर १२६. स्मृतीचा बराचसा भाग संथच राहिला, तरी काम सहा ते आठ पट जलद झाले.

डबा लहान असल्यामुळे दुसरा प्रश्न येतो: नवे ठेवायचे तर जुने काय काढायचे? आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये याचे उत्तम उत्तर काय असेल ते सांगितले. जी गोष्ट पुढे सर्वांत उशिरा लागणार आहे ती काढावी. अडचण एवढीच की त्यासाठी भविष्य माहीत हवे. म्हणून प्रत्यक्षात भूतकाळावरून अंदाज बांधतात आणि जी गोष्ट बरेच दिवस वापरली गेली नाही ती काढतात.

वहीत उतरवलेले वेळापत्रक

इथवर सगळे सोपे वाटते, कारण मिसळणाच्या डब्याचे उदाहरण एका बाबतीत फसवे आहे. माळ्यावरची हळद बदलली म्हणून ओट्यावरची हळद खोटी ठरत नाही. माहितीचे तसे नसते. माहितीची प्रत मुळाशी जुळली तरच तिला किंमत.

दुसरे उदाहरण घेऊ. एस.टी. स्थानकावरच्या फळ्यावरून आपण गावाच्या गाडीचे वेळापत्रक वहीत उतरवून आणतो. आता दर वेळी स्थानकावर जायला नको. पण एखाद्या दिवशी फळ्यावरची वेळ बदलली, तर वहीला ते कळणार कसे? वहीतली प्रत फाटलेली नाही, अक्षर पुसट झालेले नाही, तरी ती खोटी झालेली असते. आणि ती खोटी झाल्याचे तिच्याकडे पाहून कळत नाही.

मॉडेल ८५ मध्ये या प्रश्नावर सरळ उपाय होता. कोणतीही गोष्ट लिहायची झाली की ती मुख्य स्मृतीतही तेव्हाच लिहायची. कॅश आणि मुख्य स्मृती एकाच यंत्रात, एकाच नियंत्रणाखाली होत्या. घरातल्या घरात निरोप पोचवणे अवघड नसते. प्रती जेव्हा हजारो किलोमीटर दूर, अनोळखी लोकांच्या संगणकांवर पसरल्या, तेव्हा खरी अडचण उभी राहिली.

दूरच्या प्रतींना मुदत

इंटरनेटच्या पूर्वावतारात, आर्पानेटवर, कोणता संगणक कोणत्या पत्त्यावर आहे याची एक यादी अमेरिकेतल्या एका केंद्रात ठेवलेली असे आणि इतर सर्वजण तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी योजना मांडली, ती डीएनएस. तिच्यात प्रत्येक उत्तराबरोबर एक मुदत दिलेली असते: 'हे उत्तर इतके सेकंद खरे धर, नंतर पुन्हा विचार.' मुदत कोण ठरवतो हे महत्त्वाचे आहे. प्रत ठेवणारा नव्हे, मूळ माहितीचा मालक ती ठरवतो. माहिती केव्हा बदलू शकेल याची थोडीफार कल्पना त्यालाच असते.

पण मालकाने मुदत सांगितलीच नाही तर? कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या व्हिन्सेंट केट यांनी १९९२ मध्ये ॲलेक्स नावाच्या प्रणालीसाठी एक सुंदर तर्क वापरला. जी फाइल कालच बदलली ती उद्याही बदलण्याचा संभव बराच. जी वर्षभर बदललेली नाही ती उद्या बदलण्याचा संभव कमी. म्हणून फाइलच्या वयाच्या दहा टक्के एवढा काळ प्रत खरी धरायची. फाइल ३० दिवसांची असेल तर ३ दिवस. हा निव्वळ अंदाज आहे, तो चुकू शकतो. पण तो निरीक्षणावर आधारलेला अंदाज आहे.

पानाला तारीख मिळते

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव १९८९ मध्ये मांडला, आणि १९९१ मध्ये वेब बाहेरच्या जगाला खुले झाले. त्या वेळचे संभाषणाचे नियम, म्हणजे एचटीटीपी, अतिशय साधे होते. ब्राउझर एका ओळीत पान मागे, सर्व्हर पान पाठवी आणि जोडणी तोडून टाकी. पानाबरोबर तारीख नाही, मुदत नाही, काहीच नाही. वेळापत्रक उतरवून घेतले, पण ते केव्हाचे हे फळ्यावर लिहिलेलेच नव्हते.

१९९४ च्या मे महिन्यात सर्नमध्ये वेबविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ॲरी लुओटोनेन आणि केव्हिन अल्टिस यांनी 'प्रॉक्सी'ची कल्पना मांडली. अनेक संस्थांमधले संगणक सुरक्षेसाठी थेट बाहेर जोडलेले नसत. सगळी ये-जा एका मधल्या संगणकामार्फत होई. मग या मधल्यानेच आलेल्या पानांच्या प्रती ठेवल्या तर? एकाने मागवलेले पान दुसऱ्याला तिथूनच देता येईल. यासाठी संभाषणात एका सशर्त प्रश्नाची भर पडली: 'अमुक तारखेनंतर पान बदलले असेल तरच पाठव.' बदलले नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा असलेले छोटे उत्तर देतो, त्याबरोबर पान नसते. स्थानकावर जाण्याऐवजी फोन करून 'वेळापत्रक तेच आहे ना?' एवढेच विचारण्यासारखे हे झाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर हा ब्राउझर आला. तो वाचकाच्या स्वतःच्या संगणकात, डिस्कवर प्रती ठेवी. प्रत ताजी आहे की नाही हे केव्हा तपासायचे, यासाठी त्यात वाचकापुढे तीन पर्याय असत: दर वेळी, ब्राउझर चालू केल्यावर एकदा, किंवा कधीच नाही. पान केव्हा बदलते याची ज्याला काहीही कल्पना नाही, त्या वाचकानेच हा निर्णय घ्यायचा होता.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सेकंदाला ९,६०० बिट वेगाच्या टेलिफोन जोडणीवर ४८ किलोबाइटचे एक चित्र यायला किती वेळ लागेल? ४८,००० × ८ म्हणजे ३,८४,००० बिट, भागिले ९,६००, चाळीस सेकंद. त्या काळात डिस्कवर जपलेली प्रत म्हणजे पैशांची आणि वेळेची सरळ बचत होती.

आता जोडण्या कितीतरी जलद झाल्या, मग कॅशची गरज संपली का? नाही, आणि याचे एक कारण भौतिकशास्त्रात आहे. मुंबई ते जिनिव्हा हे सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला, तार सरळ रेषेत टाकली आहे असे मानले तरी, ६७ मिलिसेकंद लागणारच. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. पैसे खर्चून तार जाड करता येईल, पण प्रकाशाचा वेग वाढवता येणार नाही. जी फेरी झालीच नाही, तीच सर्वांत जलद.

मालकाने बोलले पाहिजे

१९९६ च्या मे महिन्यात एचटीटीपीची १.० ही आवृत्ती लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली. तिच्यात पान शेवटचे केव्हा बदलले ती तारीख आणि पानाची मुदत संपण्याची तारीख, या दोन्हींची सोय होती. पण तारखांवर विसंबण्यात दोन अडचणी होत्या. दोन संगणकांची घड्याळे जुळतीलच असे नाही. शिवाय तारखेत सेकंदापर्यंतच नोंद असते. एकाच सेकंदात पान दोनदा बदलले तर ते कळत नाही.

१९९७ च्या जानेवारीत १.१ ही आवृत्ती आली. रॉय फिल्डिंग, जिम गेटिस, जेफ्री मोगल, हेन्रिक फ्रिस्टिक आणि बर्नर्स-ली हे तिचे लेखक. मुदत आता तारखेऐवजी सेकंदांतही सांगता येऊ लागली: 'मिळाल्यापासून ३,६०० सेकंद खरे धर.' पानाच्या प्रत्येक रूपाला एक खूणचिठ्ठी देण्याची सोयही झाली, तिला ईटॅग म्हणतात. ब्राउझर विचारतो, 'माझ्याकडे अमुक खुणेची प्रत आहे, चालेल का?' इथे घड्याळाचा प्रश्नच येत नाही. आणि मालक काहीच बोलला नसेल तर काय करावे? जून १९९९ च्या सुधारित मसुद्यात शेवटच्या बदलापासून गेलेल्या काळाचा दहा टक्के हा हिस्सा उदाहरणादाखल दिला आहे. ॲलेक्सचाच तर्क इथे पुन्हा भेटतो.

या नियमांत दोन शब्दप्रयोग आहेत आणि त्यांत भल्याभल्यांची गल्लत होते. 'नो-स्टोअर' म्हणजे प्रत ठेवूच नका. 'नो-कॅश' म्हणजे मात्र प्रत ठेवा, पण विचारल्याशिवाय वापरू नका. नावावरून वाटते त्यापेक्षा अर्थ वेगळा आहे.

सगळ्याच मालकांना कॅश हवी होती असेही नाही. ज्यांचे उत्पन्न जाहिरातींवर होते त्यांना आपले पान किती जणांनी पाहिले हे मोजायचे असे. वाचक जपलेली प्रत पाहू लागला की सर्व्हरला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून काही जण मुद्दाम मुदत संपलेली दाखवत आणि वाचकाला दर वेळी पूर्ण फेरी मारायला लावत. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मोगल आणि पॉल लीच यांनी प्रॉक्सीने वाचने मोजून मालकाला कळवण्याची पद्धत सुचवली, पण ती रुजली नाही.

नावात काय आहे

पुढची युक्ती इतकी साधी आहे की ती आधी का सुचली नाही असे वाटावे. याहूमध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ मध्ये संकेतस्थळांच्या वेगावर एक पुस्तक लिहिले आणि तिचा जोरदार पुरस्कार केला. चित्रे, अक्षरवळणे, प्रोग्रॅम यांना खूप दूरची मुदत द्यावी आणि त्यांत बदल झाला की फाइलचे नावच बदलावे. वेळापत्रक बदलले तर जुना फळा पुसायचा नाही. नव्या क्रमांकाचा नवा फळा लावायचा. 'फळा क्रमांक १७' वर जे लिहिले ते कायमचे. मग त्याची वहीतली प्रत कधीच खोटी ठरणार नाही. 'आता चालू फळा कोणता?' एवढीच छोटी गोष्ट दर वेळी विचारायची. बदलणारे आणि न बदलणारे वेगळे काढले की प्रश्न निम्मा सुटतो.

पण जपलेली प्रत वेगळ्याच तऱ्हेने बोलकी ठरली. प्रिन्स्टन विद्यापीठातले एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी २००० साली दाखवून दिले, की एखादे संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला दुसऱ्या स्थळावरचे चित्र मागवायला लावून लागलेला वेळ मोजू शकते. चित्र झटकन आले, तर तुम्ही त्या दुसऱ्या स्थळावर आधी जाऊन आला आहात! जो वेग वाचकाच्या सोयीचा, तोच त्याची चुगली करतो. यावर उपाय म्हणून ब्राउझरांनी प्रत्येक स्थळासाठी कपाटात वेगळा खण केला: सफारीने २०१३ मध्ये, क्रोमने २०२० मध्ये, फायरफॉक्सने २०२१ च्या जानेवारीत. एका स्थळासाठी आणलेली प्रत आता दुसऱ्याच्या कामी येत नाही. वेग थोडा कमी झाला. त्या बदल्यात खासगीपणा राखला गेला.

वर्गात करून पाहा

हा धडा संगणकाशिवायही घेता येतो. एक विद्यार्थी 'सर्व्हर' करा. त्याला फळ्याजवळ उभे करा आणि त्याच्या वहीत पाच गोष्टी लिहा: शाळेचे नाव, आजचा सुविचार, वर्गाची हजेरी, परीक्षेचे वेळापत्रक, बाहेरचे तापमान. शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी 'ब्राउझर'. त्यांनी उत्तरे आणून आपल्या वहीत लिहायची. सर्व्हरने मधूनमधून गुपचूप काही नोंदी बदलायच्या. पहिल्या फेरीत दर प्रश्नाला उठून जायचे. दुसऱ्या फेरीत एकदा आणलेले उत्तर कायम वापरायचे. तिसऱ्या फेरीत सर्व्हरने प्रत्येक उत्तराबरोबर मुदत सांगायची. दर फेरीत किती खेपा झाल्या आणि किती उत्तरे चुकली, दोन्ही मोजा. कोणत्या गोष्टीला किती मुदत द्यावी यावर मुलांचे एकमत होणार नाही. तो वाद होऊ द्या. धडा त्या वादातच आहे.

शाळेत संगणक असेल, तर ब्राउझरमधल्या विकसकांसाठीच्या खिडकीत 'नेटवर्क' हा भाग उघडा आणि एकच पान दोनदा मागवा. दुसऱ्या वेळी काही ओळींपुढे ३०४ हा आकडा दिसण्याची बरीच शक्यता आहे. काही गोष्टी सर्व्हरला न विचारताच डिस्कवरून किंवा स्मृतीतून घेतल्याचेही तिथे लिहिलेले दिसेल.

आता आमच्या चुकीकडे परत येऊ. मुलाखतीचे पान झटकन उघडावे ही इच्छा रास्त होती. चूक झाली ती 'सात दिवस' म्हणताना. प्रत्येक मुदत हे एक वचन असते: एवढ्या काळात हे बदलणार नाही, किंवा बदलले तरी कोणाचे नुकसान होणार नाही. संस्थेचे बोधचिन्ह आणि पानाची सजावट यांच्याबाबत तसे वचन आम्ही वर्षभराचेही देऊ शकलो असतो. तारखेबाबत एका तासाचेही देऊ शकत नव्हतो, आणि एकदा दिलेले वचन आमच्या सर्व्हरवरून मागे घेता येणार नव्हते, कारण वही त्या मुलीच्या घरी होती. आम्ही नंतर चित्रांना लांबची मुदत दिली आणि तारखेच्या पानाला 'विचारल्याशिवाय वापरू नये' अशी सूचना जोडली. पान अजूनही पुरेसे लवकर उघडते. तारीख बदलली की फोनही करतो.